दांडीबहाद्दर

वाशीतल्या दोन बीएचकेत सहा फुटी वस्तू साधारण दोनच असतात, फ्रीज आणि लोखंडी कपाट. अव्याच्या घरात तिसरी आहे. हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा लागेल अशी. वर पुढे आलेली पट्टी, मध्ये आत गेलेली काच, काचेखाली पोटाशी येणारी उतरती फळी. नवा पाहुणा हमखास विचारायचा, "देवघर नवीन केलंत का?" आणि वहिनी हमखास उत्तर द्यायच्या, "हो, देव यायचेत अजून."

ते व्हिडिओ गेमचं मशीन. पार्लरमध्ये रुपयाचं कॉइन टाकून उभ्यानं खेळायचो, तसलं. लाकडी सांगाडा झाला, जुना मॉनिटर आत गेला, स्पीकर लागले, रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर बसला. हे सगळं एका पावसाळ्यात उरकलं. राहिलं ते हातात धरायचं तेवढंच : दोन जॉयस्टिक आणि डझन-दीड डझन बटणं. ती निवडायची होती. मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अव्याचा मुलगा पाचवीत होता. आता त्याला मिसरूड फुटलंय.

विकत घेणं आणि निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला अव्याकडे बघून कळलं. तुम्हीआम्ही घ्यायचं असतं म्हणून निवडतो. अव्याच्या जातीची माणसं घ्यावं लागू नये म्हणून निवडतात. प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. लिफ्टचं टेंडर त्याच्याकडे दिलं की आणखी दोन वर्षं जिने चढायची तयारी ठेवावी. त्याला कंजूष म्हणाल तर तसा तो नसतो, आळशी तर मुळीच नसतो. उलट रात्री दोन वाजता दिवा लागलेली खिडकी त्याचीच असते.

अव्याला हे वडिलांकडून आलं. काका मार्केट यार्डात हिशेबाला होते. हापूसच्या दिवसांत अख्खी वाशी आंब्याच्या वासात न्हाऊन निघायची आणि काका रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी यायचे. पेटी बघून आलेले असायचे. देठ हुंगून, साल दाबून, फळ हातावर तोलून आलेले असायचे. "उद्या एक बरी गाडी लागणारे," असं म्हणत म्हणत मे सरायचा, पहिला पाऊस पडायचा आणि काकू स्वतःच रस्त्यावरच्या टोपलीतून डझनभर पायरी उचलून आणायच्या. अव्याचं लग्न वेळेत झालं त्याचंही कारण एवढंच की निवड वहिनींनी केली.

या माणसाचं डोकं जॉयस्टिकवर का बसलं ते समजायला थोडं मागं जावं लागतं. हार्बर लाइन १९९२ साली खाडी ओलांडून वाशीला आली. स्टेशनचं अप्रूप होतं, सेक्टर अर्धेअधिक मोकळे होते, आणि मार्केटमधल्या एका गाळ्यात अर्ध्या खाली ओढलेल्या शटरमागं चार मशीनं होती. आत उजेड फक्त पडद्यांचा. घामाचा, अगरबत्तीचा आणि तापलेल्या वायरचा मिळून एक वास. स्टुलावर मालक, त्याच्या मांडीवर नाण्यांचा डबा. एका मशीनवर कॅपकॉमचं स्ट्रीट फायटर टू, १९९१ चं. पुढं त्याच कंपनीचं १९९३ चं कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स आलं. हे नाव वाचून कुणाला काही आठवणार नाही. 'मुस्तफा' म्हणा, लोकलच्या डब्यातले पंचेचाळिशीच्या पुढचे चार बँक मॅनेजर मान वर करतील. गाड्या आणि डायनोसॉर राहिले बाजूला, चार पात्रांपैकी एका टोपीवाल्याच्या नावानं आख्खा गेम ओळखला गेला. तीन जण एकदम खेळू शकायचे आणि तिघांनाही मुस्तफाच हवा असायचा. पहिली मारामारी मशीनच्या बाहेर व्हायची.

अव्या तिथं रोज असायचा. शाळेला दांडी मारून असायचा, क्लासला दांडी मारून असायचा. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर घेऊन कॉइनच्या फटीपाशी टिकटिक केलं की ठिणगीनं मशीन फसतं आणि फुकट क्रेडिट मिळतं, ही विद्याही त्यानंच आणली. काकूंचे लायटर त्या काळात फार हरवत. पण खेळाडू म्हणून अव्या, आता लिहायला हरकत नाही, सुमार होता. रुपया टाकला की दीड मिनिटात बाहेर. आणि बाहेर आला की एकच वाक्य : "दांडी लूज आहे रे."

दांडी लूज होतीच. मालकानं ती आतून सायकलच्या ट्यूबनं आवळली होती आणि उजवा तिरका कोपरा लागतच नसे. स्ट्रीट फायटरमध्ये हातातून निळा गोळा सोडायचा, ज्याला आम्ही सगळे 'आदुकेन' म्हणत असू, तर दांडी खाली, मग खाली-पुढे तिरकी, मग पुढे अशी एका झोकात फिरवून ठोशाचं बटण दाबावं लागतं. मधला तिरका कोपरा हुकला की आपला योद्धा नुसता उकिडवा बसून उठतो आणि समोरचा त्याला तुडवतो. अव्याचा योद्धा आख्ख्या नव्वदीत उठाबशा काढत होता. त्याच दांडीवर गाळ्यामागच्या चाळीतला एक पोरगा चहाचे ग्लास खाली ठेवून एका कॉइनवर गेम संपवून जायचा. ही बाब अव्याच्या इतिहासात नोंदलेली नाही.

म्हणून माझा एक जुना संशय आहे. जगातली सर्वांत चांगली दांडी घरात आली आणि तरी योद्धा उठाबशाच काढत राहिला, तर सांगायचं काय? तोवर न निवडलेलं बरं. हे मी अव्याला कधी बोललो नाही. वहिनींना बोललो होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला आज कळलं?"

आता त्याचं ज्ञान. त्याची थट्टा करणं सोपं आहे, पण ते खरं आहे आणि ऐकण्यासारखंही आहे, निदान पहिल्यांदा. जॉयस्टिकच्या पोटात चार छोटे स्विच असतात, चार दिशांना. दांडी ज्या बाजूला झुकेल तिकडचा स्विच दाबला जातो, तिरकी झुकली तर शेजारचे दोन एकदम. तळाशी प्लास्टिकची एक चौकट असते, तिला गेट म्हणतात. दांडीनं कुठवर जायचं ते गेट ठरवतं. जपानी सानवा कंपनीच्या जेएलएफ दांडीला गेट चौकोनी येतं, म्हणजे तिरकी दिशा कोपऱ्यात जाऊन बसते आणि बोटांना कळतं की बसली. अष्टकोनी गेट वेगळं मिळतं, त्यात आठही दिशांना खाच. कोरियन दांडीत गेट गोल आणि स्प्रिंगच्या जागी रबर, हात सोडला की फटकन मध्ये येते. सेमित्सूची एलएस-३२ जरा घट्ट. अमेरिकन हॅपची दांडी म्हणजे वरून फुगीर, मुठीत धरायची, लाकडाला मारून घ्या अशी दणकट. जपान्यांचा मात्र पस्तीस मिलिमीटरचा गोळा. तो काहीजण वरून धरतात, काहीजण दोन बोटांत खालून दांडी घेऊन तळहातात गोळा ठेवतात, दारूचा पेला धरावा तसं. अव्या हे दाखवताना रिकाम्या हवेत असा काही हात धरतो की काकू दचकून विचारतात, "काय रे, कधीपासून?"

आणि ही झाली आठ दिशांची. जुन्या खेळांना चारच लागतात. नामकोचा १९८० चा पॅकमॅन घ्या. चक्रव्यूहात तिरका रस्ताच नाही. आठ दिशांच्या दांडीवर तो खेळलात की वळणावर हात जरा तिरका जातो, मशीनला दोन दिशा एकदम कळतात आणि पॅकमॅन वळायचं सोडून भिंतीला तोंड लावून उभा राहतो. मागून भूत येतं. "सिडकोच्या सेक्टरासारखं आहे," अव्या समजावतो, "इकडून तिकडं तिरकं कापून जाईन म्हणालास की अडकलास." म्हणजे एका मशीनला दोन तऱ्हेच्या दांड्या हव्यात, किंवा गेट फिरवून चाराचं आठ करता येईल अशी एक हवी, किंवा तिसरी दांडी मध्यभागी फक्त पॅकमॅनसाठी हवी. असा तो चहा निवेपर्यंत जातो.

वहिनींनी एकदा प्रामाणिकपणे तोडगा काढायचा प्रयत्न केला होता. त्यांनी विचारलं, "दांडी नसलेला गेम नसतो का एखादा?" अव्या खूश झाला. त्याला कुणी विचारतच नाही. "आहे ना! अटारीचा ॲस्टरॉइड्स, १९७९. नुसती पाच बटणं. डावीकडं फिर, उजवीकडं फिर, पुढे जा, गोळी मार आणि एकदम गायब हो."

"मग तो घे. मिटलं."

"अगं पण मग बटणं कुठली?"

"आणि बटणं नसलेला?"

"पॅकमॅन. एक दांडी, बाकी काही नाही."

"मग तो घे."

"पण दांडी..."

वहिनी उठून आत गेल्या. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या जरा जास्त झाल्या.

बटणांचा प्रकार तर दांडीहून अवघड, कारण ती स्वस्त आहेत आणि सुटी मिळतात. अव्याकडे बिस्किटांचा तो निळा गोल डबा आहे, ज्यात इतर घरांत सुईदोरा असतो. त्यात जगभरची बटणं. पाहुणा सोफ्यावर टेकला की डबा येतो, मागून स्टीलचा ट्रे येतो आणि ट्रेमध्ये अव्या सहा बटणं मांडतो. "डोळे मिट. आता हे दाब. आता हे. काय वाटतं?"

मी दाबली आहेत. खरंच फरक आहे. सानवाचं ओबीएसएफ-३० इतकं हलकं की बोट नुसतं टेकलं तरी दाबलं जातं, आवाज जवळजवळ नाही. सेमित्सूचं किंचित अंगावर येतं. अमेरिकन बटणाचं तोंड आत दबलेलं, बोट खड्ड्यात बसतं, खाली जायला वेळ घेतं आणि तळाशी गेलं की खटका वाजतो, असा की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं कुणी पेन उघडतंय. लोकल बटण दाबताना एक वाटतं आणि सोडताना दुसरं. पण हे सगळं मला अव्यानं सांगितल्यावर कळलं. डोळे मिटून मी सहाच्या सहा चूक सांगितली. माझे सासरे, सोसायटीचे सेक्रेटरी, पाणीपट्टीचं बिल घेऊन आलेला माणूस, सगळ्यांची परीक्षा झाली आणि सगळे नापास. पाणीपट्टीवाला तर डोळे मिटायलाच तयार नव्हता. त्याच्या हातात पैशांची बॅग होती.

मग बटणं कशी मांडायची हा निराळा अध्याय. सहा बटणांची चाल स्ट्रीट फायटर टूची : वर तीन ठोसे, खाली तीन लाथा, हलकी, मध्यम, जोरदार. १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरच्या मोठ्या मशीनला बटणांऐवजी रबराच्या दोन गाद्या होत्या, जितक्या जोरात हाणाल तितका मोठा फटका. लोकांचे हात आणि मशीनची हाडं दोन्ही वाचवायची तर सहा बटणंच बरी. पण सहा बटणं सरळ ओळीत लावायची की हाताच्या कमानीत? माणसाची चार बोटं एका रेषेत नसतात. तर्जनी एकीकडं, करंगळी मागं राहिलेली. कुणाच्या हाताची कमान घ्यायची? अव्यानं एका रविवारी घरातल्या सगळ्यांचे पंजे ड्रॉइंग पेपरवर ठेवून पेन्सिलनं कडा मारून घेतल्या. माझाही घेतला. काकूंनी आनंदानं उजवा हात पुढे केला, मग डावाही केला, आणि हळूच विचारलं, "गुडघ्याचं कधी बरं होईल ते दिसतंय का रे यात?"

ते पंजे अजून भिंतीवर आहेत. सरासरी काढून जो हात आला तो घरात कुणाचाच नाही.

लॅमिंग्टन रोडला मीही गेलो आहे त्याच्याबरोबर. वाशीहून हार्बरनं कुर्ला, तिथून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरायचं. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते पत्र पाठवायला. वायर, ट्रान्सफॉर्मर, सीसीटीव्ही, सोल्डरचा धूर. एका फूटभर रुंद गाळ्यात अव्यानं विचारलं, "जॉयस्टिक आहे?"

"है. कितने पीस?"

"गेट कुठलं आहे? चौकोनी की अष्टकोनी?"

दुकानदारानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गेट रोड पे है, साहब. ये जॉयस्टिक है."

आणि त्यानं पोत्यासारखी एक प्लास्टिकची पिशवी काउंटरवर उलटी केली. लाल, हिरवे, निळे, पिवळे गोळे घरंगळले. अव्यानं एकेक उचलून हलवलं, कानाशी धरलं, पुन्हा हलवलं. मागं रांग लागली. एका कॉलेजच्या पोरानं आमच्या खांद्यावरून हात घालून एक उचललं, पैसे दिले आणि गेला. अव्या त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे जे बघत राहिला त्यात कीव होती की हेवा, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी आम्ही तिथून सहा वेगवेगळी बटणं 'अभ्यासासाठी' घेऊन आलो. चहा आणि तिकिटं धरून खर्च बटणांपेक्षा जास्त झाला.

दांडी आणि बटण जुळलं तरी मध्ये वायरचा प्रश्न. बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळवायला एक छोटी पट्टी लागते, एनकोडर. बाजारात मिळतो त्या स्वस्त एनकोडरचं नावच 'झिरो डिले'. अव्याचा त्यावर विश्वास नाही. गेमचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, म्हणजे एक चित्र साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद. त्या पट्टीनं एका चित्राचा जरी उशीर केला तर ठोसा उशिरा बसणार. हे तपासायला त्यानं फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून बोटाचं आणि पडद्याचं एकत्र चित्रण केलं, आणि रात्रभर चौकटी मोजत बसला. सेकंदाच्या साठाव्या भागापायी किती दिवाळ्या गेल्या त्याचा हिशेब मात्र त्यानं केला नाही. केला असता तर तोही मिलिसेकंदात केला असता.

आणि या सगळ्याच्या खाली, अक्षरशः खाली, फळी. कोरी. कारण भोक.

जपानी बटणाला भोक तीस मिलिमीटरचं लागतं, स्टार्टच्या छोट्या बटणाला चोवीस. अमेरिकन बटणाला सव्वा इंचाहून कमी, साडेअठ्ठावीसच्या आसपास. दीड मिलिमीटरचा फरक. पण अठ्ठावीसच्या भोकात जपानी बटण शिरत नाही आणि तीसच्या भोकात अमेरिकन बटण डुगडुगतं. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. शिवाय जपानी बटणं मुळात पातळ पत्र्यासाठी, नुसती दाबून अडकणारी. अठरा मिलिमीटरच्या प्लायला ती पुरत नाहीत. तिथं लांब आट्यांची अमेरिकन बटणं सोयीची. जपानीच हवीत तर फळी खालून कोरून पातळ करा. म्हणजे एक भोक पाडलं की देश ठरला, देश ठरला की दांडी ठरली, दांडी ठरली की झालं, संपलंच सगळं.

मिस्त्री दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. समोरच्या विंगेत कुणाचं तरी किचन चालू असायचं, जाता जाता बेल वाजवायचा. दारातूनच विचारायचा, "साब, होल कितने का?"

"अभी देखता हूँ."

"ठीक है साब."

पुढं पुढं तो चप्पलही काढेनासा झाला. फळीवर वहिनींनी आधी प्लास्टिक अंथरलं, मग त्यावर इस्त्रीचे कपडे आले, मग दसऱ्याला काकूंनी त्या कोऱ्या फळीला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. यंत्रच ते, न चालणारं असलं म्हणून काय झालं.

निकाल लागला तो असा. अव्या बेलापूरला ऑफिसात, वहिनी बाजारात, मुलगा क्लासला. मिस्त्री गावाला निघाला होता, महिन्या-दीड महिन्यासाठी, आणि राहिलेला हिशेब चुकता करायला आला होता. काकूंनी दार उघडलं. पंच्याहत्तरीच्या काकू, गुडघ्याला पट्टा, हातात निवडायची मेथी.

"माताजी, साब को पूछो ना, होल कितने का?"

"तुझ्याकडं कितीचा आहे?"

मिस्त्रीनं थैली चाचपली. "तीस का है."

"मग तीसचा मार."

काकूंनी भिंतीवरच्या पंजांपैकी अव्याच्या हातचा, व्यवस्थित मापं टाकलेला तो सरासरीचा कागद काढून दिला आणि मेथी निवडत शेजारी बसल्या. चोवीसचं कटर नव्हतं, म्हणून स्टार्टची भोकंही तीसचीच झाली. राउटर थैलीत होताच, फळी खालून पातळ झाली. दांडीचं भोकही त्याच कटरनं. तासाभरात काम आटोपलं. भुसा काकूंनी केरसुणीनं गोळा केला, मिस्त्रीला चहा दिला, वर गावाकडच्या पोरांसाठी खाऊला पैसे दिले.

संध्याकाळी अव्या आला, बूट न काढता फळीसमोर उभा राहिला आणि बराच वेळ बोलला नाही. वहिनींचा मला फोन. मी गेलो तेव्हा तो प्रत्येक भोकात बोट घालून कड तपासत होता. चेहरा मात्र पाहण्यासारखा. दहावीचा पेपर पुढं ढकलला असं कुणी सांगावं तसा हलका झालेला. "तीस म्हणजे जपान," तो म्हणाला. "अमेरिका गेली." आणि निळ्या डब्यातली अमेरिकन बटणं वेचून त्यानं एका पाकिटात भरली, वर नाव घातलं, तारीख घातली.

पण या जातीच्या माणसाला देव पूर्ण उघड्यावर टाकत नाही. भोकं कायमची झाली, दांडी तशी नव्हे. ती खालून स्क्रूनं बसते. वरच्या मोठ्या भोकावर दांडीत ओवलेली काळी चकती झाकण होऊन बसते, त्यामुळे वरून काही दिसत नाही. चार स्क्रू सोडले की सानवा खाली, सेमित्सू वर. गेट बदलायचं तर त्याहून सोपं. अव्यानं सोमवारी एक, गुरुवारी दुसरी असा प्रयोग सुरू केला आणि मुलाला, मुलाच्या मित्रांना, मला विचारू लागला, आजची कशी वाटते? आम्हाला सगळ्याच बऱ्या वाटायच्या. पोरं तर मुस्तफा लावून पंजाच्या पंजा बटणांवर आपटत. मांडणीची कमान, हाताची सरासरी, सगळं तळहाताखाली.

फरक कळला तो काकूंना. त्या दुपारच्या वेळी, अव्या ऑफिसला गेल्यावर, स्टुल ओढून बसायला लागल्या होत्या. त्यांना सापडला गॅलागा, नामकोचाच, १९८१ चा. वरून किड्यांची फौज उतरते, आपण खालून गोळ्या मारायच्या. डावीकडं, उजवीकडं आणि एक बटण. बस. एका संध्याकाळी मेथीच्याच आवाजात म्हणाल्या, "अविनाश, दांडी बदललीस का रे आज? परवाची बरी होती. ही डावीकडून यायला वेळ लावते."

अव्यानं सोफ्यावरून उठून खाली वाकून बघितलं. खरंच बदलली होती. ज्या परीक्षेत सेक्रेटरीपासून पाणीपट्टीवाल्यापर्यंत सगळे गळपटले, तिच्यात आई न विचारता पहिली आली होती.

मग तो रोज विचारायला लागला. काकू रोज सांगायला लागल्या. ही ढिली, ही तुटक, ही दुपारी चांगली असते पण रात्री कुरकुरते. शेवटी त्यांनीच सेमित्सू कायम केली आणि अव्याला सांगितलं की आता हात लावायचा नाही. अव्या त्याच सेमित्सूवर स्ट्रीट फायटर खेळतो. तिरका कोपरा लागतो, बोटाला कळतो, खटका वाजतो, आणि योद्धा उकिडवा बसून उठतो. "एनकोडर," तो म्हणतो. "एनकोडरमध्ये आहे काहीतरी."

गॅलागात चांगले गुण झाले की नाव घालता येतं, पण तीनच इंग्रजी अक्षरांचं. सुरुवातीला तिन्ही जागी 'ए' असतो. काकूंनी पहिल्या दोन जागांना हात लावला नाही, तिसऱ्या जागी दांडी हलवत 'आय' आणला. पाच नावांची यादी असते, ती आता वरून खालपर्यंत 'ए ए आय', 'ए ए आय' अशी आहे. मशीन बंद केलं की यादी पुसली जाते, म्हणून ते बंद करायचं नाही असा घरात नियम झाला आहे. वाशीत वीज तशी फार जात नाही, तरी गेल्या उन्हाळ्यात एकदा गेली. त्यानंतर इन्व्हर्टरच्या वायरवरून फ्रीज निघाला आणि मशीन आलं.

शनिवारी भजनी मंडळ असतं. आधी अव्याच्याच घरी का, अशी इतर घरांतून विचारणा होते. भजन अर्धा तास, मग टाळ बाजूला आणि सहा-सात बायका मशीनसमोर. पदरात रुपयाची नाणी आणतात. मशीनला कॉइनची फट अव्यानं केलेलीच नाही (ती यांत्रिक घ्यायची की इलेक्ट्रॉनिक हे ठरायचंय), म्हणून काकू पैसे वाटीत घेतात आणि क्रेडिटचं बटण स्वतः दाबतात. परवा मी गेलो तेव्हा अव्या मध्यभागी उभा राहून मंडळाला चौकोनी गेट समजावत होता. दांडी कोपऱ्यात कशी बसते, स्प्रिंग कुठं असते, चार स्विचपैकी गॅलागाला फक्त दोनच का लागतात. हातवारे रंगात आले होते.

मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "अविनाश, जरा सरक बाळा. किडे दिसत नाहीयेत."